कल्पित नगरीचे दिवे आणि दंडक

अनंत चतुर्दशी हा आपल्याकडे निरोपाचा दिवस. गणपती पोचवून रिकामा पाट घेऊन घरी परतताना मन ओकेबोके होते. नोकरीनिमित्त काशीस येऊन राहिलेल्या मराठी माणसास मात्र त्याच संध्याकाळी एक निराळा अनुभव येतो. इकडे विसर्जन आटोपावे, आणि तिकडे गंगेच्या पलीकडच्या तीरावर, रामनगरात, रामलीलेस प्रारंभ व्हावा! एक उत्सव मावळतो त्याच दिवशी दुसरा उगवतो, आणि तो पुढे आश्विनी पौर्णिमेपर्यंत, सुमारे 31 दिवस चालतो.

आम्ही येथे बदलून आलो त्या वर्षी कार्यालयातील एका काशीकर सहकाऱ्याने आम्हांस ही लीला दाखविली. नाटक पाहावयास जावयाचे म्हणून आम्ही बसण्यास सतरंजी घेतली होती. ती पाहून तो हसला व म्हणाला, ‘‘बाबूजी, इथे नाटक चालते आणि प्रेक्षकही चालतात.’’ ते शब्दशः खरे होते. रामनगरात एक रंगमंच नाही. गावाच्या निरनिराळ्या भागांत अयोध्या आहे, जनकपूर आहे, पंचवटी आहे, अशोकवाटिका आहे. आणि गावाबाहेरच्या विस्तीर्ण मैदानात लंका आहे. कथा जसजशी पुढे सरकते तसतसा जनसमुदाय तिच्यामागून एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीनरेशांच्या आश्रयाने या लीलेस आजचे रूप येऊ लागले, आणि महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्या काळात ते पुष्कळसे स्थिरावले. तेव्हापासून एक सबंध गाव वर्षातून एक महिना आपले नाव विसरून दुसरेच जग होऊन राहते.

या कल्पित जगाचा प्रभाव खऱ्या जगावरही पडल्यावाचून राहत नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या प्रवेशद्वारासमोरच्या गजबजलेल्या वस्तीस ‘लंका’ म्हणतात. तुलसीदासांच्या परंपरेतील अस्सीच्या रामलीलेत लंकेचे प्रसंग तेथे होत, म्हणून हे नाव पडले. आज रिक्षावाला ‘‘लंका, लंका’’ असे ओरडतो तेव्हा त्यात कोणास नवल वाटत नाही.

परंतु आज आमचा विषय रामलीला नव्हे. संगणकाच्या पडद्यावर उभी राहणारी जी जगे आमच्या वाचकांची मुले रोज संध्याकाळी गाठतात, त्या आभासी जगांचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे. मग रामनगरापासून आरंभ कशासाठी? कारण कोणतेही मांडलेले जग टिकावयाचे तर त्यास दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला, दाखवावयाचे किती? आणि दुसरा, वागावयाचे कसे, व ते ठरविणार कोण? हे दोन्ही प्रश्न रामनगराने संगणकाच्या जन्मापूर्वीच सोडविले आहेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांत कशी गुंतलेली आहेत हे तेथे डोळ्यांनी दिसते.

रामनगरच्या लीलेत विजेचे दिवे नाहीत, ध्वनिवर्धक नाही. पेट्रोमॅक्सच्या व मशालींच्या उजेडात जेवढे उजळेल तेवढेच जग त्या क्षणी अस्तित्वात असते. पंचवटीत प्रसंग चालू असता लंका अंधारात असते. तेथे तेल जाळण्याचे कारण नाही. रात्रीच्या आरतीस महताबी पेटते व तिच्या पांढऱ्या झोतात स्वरूपांच्या मूर्ती क्षणभर लखलखतात. हा झाला प्रकाशाचा हिशेब. आता दंडकाचा पाहा. हजारो माणसे जमलेली, आणि संवाद म्हणणारी मुले कोवळ्या आवाजाची. ते संवाद ऐकू जावेत यासाठी आधी ‘‘चुप रहो! सावधान!’’ अशी ललकारी उठते आणि समुदाय गप्प होतो. दिवे थोडे आणि आवाज लहान, म्हणूनच शांततेचा दंडक अवश्य झाला. साधनांच्या मर्यादेतून नियम जन्मतो, हे सूत्र वाचकांनी ध्यानी ठेवावे. पुढील सारा इतिहास त्याचाच विस्तार आहे.

संगणकावर अनेक माणसांनी एकत्र वावरावे असे पहिले मोठे चित्रमय जग म्हणून ‘हॅबिटॅट’चे नाव घेतले जाते. लुकासफिल्म या अमेरिकन संस्थेच्या खेळ विभागात चिप मॉर्निंगस्टार व रँडी फार्मर यांनी ते सिद्ध केले आणि 1986 मध्ये त्याचा प्रायोगिक वापर सुरू झाला. घरोघरचा संगणक होता कमोडोर 64. त्याची स्मृती अवघी 64 किलोबाइट, आणि दूरध्वनीच्या तारेवरून येणारी माहिती सेकंदास सुमारे 300 बिटांच्या गतीने ठिबकत येई. इतक्या अरुंद वाटेने चित्र पाठविणे अशक्यच होते. म्हणून चित्रे प्रत्येकाच्या घरी तबकडीवर आधीच ठेवलेली असत, आणि तारेवरून फक्त ‘अमुक मनुष्य अमुक ठिकाणी गेला’ एवढा निरोप येई. या जगात वावरणाऱ्या आकृतीस त्यांनी नाव दिले ‘अवतार’! तो शब्द पुढे जगभर रूढ झाला. काशीत राहणाऱ्यास हे वाचून थोडी मौज वाटते, कारण रामनगरात राम, सीता, लक्ष्मण, भरत व शत्रुघ्न यांचे रूप घेणाऱ्या मुलांस ‘स्वरूप’ म्हणतात.

हॅबिटॅटमध्ये शस्त्रे होती. लवकरच तेथे चोऱ्या होऊ लागल्या, एकमेकांस मारणे सुरू झाले, आणि ‘येथील हत्या हा गुन्हा मानावा काय?’ असा वाद उपस्थित झाला. रहिवाशांचे मत घेतले, तो कौल जवळजवळ समसमान पडला. शेवटी तडजोड अशी झाली की नगरात शस्त्र चालू नये, बाहेरच्या रानात चालावे. निर्मात्यांनी आपला अनुभव 1990 मध्ये एका परिषदेत मांडला. त्याचे सार असे की, सगळ्या गोष्टी मध्यवर्ती जागेवरून आखण्याचा त्यांचा बेत साफ फसला. लोक काय करतात ते पाहून मागाहून जुळवून घेणे हाच मार्ग त्यांस सापडला. केंद्र सरकारच्या कार्यालयात टिपणे लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांस हा निष्कर्ष काहीसा खोचक वाटल्यास नवल नाही.

1990 च्या दशकारंभी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी ‘लॅम्डामू’ नावाचे जग उघडले. त्यात चित्र मुळीच नव्हते. सारे शब्दांनी वर्णिलेले. ज्यांच्या हाती यंत्राची सूत्रे होती त्यांस तेथे ‘जादूगार’ म्हणत. 1992 च्या अखेरीस कंटाळून त्यांनी जाहीर केले की, यंत्र आम्ही चालवू, परंतु भांडणे तुमची तुम्ही मिटवा. त्यानंतर काही महिन्यांतच, 1993 मध्ये, एका सभासदाने भरल्या दिवाणखान्यात इतरांच्या पात्रांवर शब्दांनी अत्याचार केला. शरीरास इजा कोणाची झाली नाही, पण ज्यांच्यावर ते ओढवले त्यांचे अश्रू खरे होते. लोकांनी सभा घेतली, निर्णय झाला नाही. मग एका जादूगाराने आपल्या अखत्यारीत त्या सभासदास नाहीसे केले. या प्रसंगानंतर तेथे अर्ज व मतदान यांची पद्धत आली. नवे बांधकाम किती करावे याचा प्रत्येकाचा वाटाही ठरलेला असे, आणि तो वाढवून द्यावयाचा की नाही हे पाहण्यास एक समिती नेमली होती. पण 1996 मध्ये जादूगारांनी कबूल केले की, यंत्र चालविणे व समाज चालविणे या गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, आणि त्यांनी काही निर्णय पुन्हा आपल्याकडे घेतले.

हा कबुलीजबाब फार महत्त्वाचा आहे. ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती शेवटी दंड. त्याने तो टाकून दिला तरी तो त्याच्याच दाराशी येऊन पडतो.

आता चित्राकडे वळू. त्रिमितीचे चित्र डोळ्यांस अखंड भासावे यासाठी संगणकास ते सेकंदात 60 वेळा काढावे लागते असे धरले, तर एका चित्रास सतरा सहस्रांश सेकंदाहूनही कमी अवधी मिळतो. एवढ्या वेळात सारे नगर काढणे शक्य नाही. म्हणून या विद्येचा पाया ‘काय काढू नये’ या विचारावर रचला गेला. पाहणाराच्या पाठीमागे जे आहे ते काढावयाचे नाही. भिंतीआड आहे ते काढावयाचे नाही. आणि दूर आहे ते ढोबळ काढावयाचे. 1976 मध्ये जेम्स क्लार्क यांनी एका निबंधात या शेवटच्या युक्तीची रीतसर मांडणी केली. जवळचा वृक्ष पानापानांनी काढावा, तोच दूर गेला की हिरवा गोळा पुरे. पंचवटी उजळली असता लंकेत दिवा न लावण्याचा रामनगरी शहाणपणा तो हाच.

येथवर प्रश्न यंत्राचा होता. तो समाजाचा कसा झाला हे ‘सेकंड लाइफ’च्या इतिहासात स्पष्ट दिसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने जून 2003 मध्ये हे जग लोकांस खुले केले. तेथील घरे, झाडे, वस्त्रे सारे काही रहिवाशांनीच करावयाचे. त्यासाठी ठोकळा, गोल, नळकांडे अशा मूळ आकृती दिलेल्या. त्यांस ‘प्रिम’ म्हणत. प्रत्येक प्रिमचा भार कंपनीच्या यंत्रावर पडे, म्हणून कंपनीने प्रिमांवर कर बसविला. परिणाम उलटा झाला. जे लोक सर्वांसाठी मोठ्या वास्तू उभारत त्यांच्यावरच कराचा बोजा अधिक! अमेरिकेतील स्मारकांच्या प्रतिकृती जेथे उभ्या होत्या त्या ‘अमेरिकाना’ नावाच्या भागातील रहिवाशांनी त्याच वर्षी बंड पुकारले. 1773 च्या बोस्टनमधील चहाच्या बंडाची आठवण देत त्यांनी चहाच्या प्रचंड पेट्या रचून ठेवल्या. डिसेंबर 2003 मध्ये कंपनीने तो कर उठविला व त्याऐवजी जमिनीवर आकारणी ठेवली. जमीन जेवढी, तेवढेच प्रिम. 256 मीटर लांब व तितक्याच रुंद अशा एका पूर्ण भागास दीर्घकाळ 15,000 प्रिमांची मर्यादा होती. पुढे ती वाढविण्यात आली. महसुलाच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकांस येथे ओळखीची खूण पटेल. वस्तूवरचा कर मोजण्यास व सोसण्यास कठीण. जमिनीचा सारा सोपा.

आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. 19 नोव्हेंबर 2006 रोजी या जगात सोनेरी कड्या फिरू लागल्या. ज्याने ती पाहिली त्यास प्रथम सुंदर वाटली असेल. पण प्रत्येक कडे आपल्यासारखी आणखी कडी निर्माण करीत होते. बघता बघता यंत्रे गुदमरली, आणि कंपनीस काही काळ बाहेरच्यांस दार बंद करून ती झाडून काढावी लागली. कोणाचे घर फोडले नव्हते, कोणास शिवी दिली नव्हती; फक्त यंत्र मंदावले होते. तरीही तो अपराध होता. या जगाच्या आचारसंहितेत असहिष्णुता, छळ, हल्ला, खासगी गोष्टींचा बोभाटा व असभ्यता यांच्या जोडीस ‘शांतताभंग’ हे कलम होते, आणि यंत्राची गती हेतुपुरस्सर मंदावणाऱ्या वस्तूंचा उल्लेख त्याच कलमात केलेला होता. रामनगरात जो मोठ्याने बोलतो तो शांतता भंग करतो. येथे जो दुसऱ्याचे चित्र अडवितो तो.

मुद्दाम केलेल्या अपराधाचे ठीक आहे. परंतु ज्याने हौसेने आपल्या अवताराच्या अंगावर शेकडो आकृतींचे दागिने चढविले, त्याचे काय? त्याच्या थाटामुळे सभेतील इतरांचे संगणक रखडतात. पुढे प्रत्येक अवताराचा चित्रभार आकड्यात दाखविण्याची सोय झाली, तेव्हा लोक एकमेकांचे आकडे पाहून टोमणे मारू लागले आणि काही ठिकाणी भारी पोशाखाच्या पाहुण्यास दारातूनच परत पाठविले जाऊ लागले. 2016 मध्ये निराळा उपाय निघाला. प्रत्येकाने आपल्या संगणकाच्या शक्तीनुसार मर्यादा ठरवावी. तिच्यापलीकडचा अवतार त्यास सपाट एकरंगी बाहुलीसारखा दिसेल. त्यास विनोदाने ‘जेलीची बाहुली’ म्हणतात. ज्याने पोशाख केला त्यास कोणी हाकलले नाही, आणि ज्याचे यंत्र गरीब त्याचीही सभा चुकली नाही. आमच्या मते या विद्येतील अनेक चतुर युक्त्यांपेक्षा ही अधिक सभ्य आहे.

हे सारे आम्ही पुस्तकी कुतूहलाने सांगत नाही. 2020 मध्ये महामारीमुळे रामनगरची लीला झाली नाही, आणि येथील आम्हां मराठी कुटुंबांचा सार्वजनिक गणपतीही बसला नाही. तेव्हा सहकाऱ्यांच्या मुलांनी ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांच्या जगात मंडप उभारला. पाठीमागे घाट, पायऱ्या, गंगा. सारे चौकोनी, पण पाहताच ओळखू येणारे. दूरदूरची नातेवाईक मंडळी त्यात येऊ लागली. मुलांस उत्साह आवरेना. धूर सोडणाऱ्या शेकोट्या शेकड्यांनी पेटल्या, मिरवणुकीसाठी घोडे आणले. आमच्या एका मित्राच्या वृद्ध मातोश्री साताऱ्यास नातवाच्या जुन्या संगणकापुढे हात जोडून बसल्या होत्या. ऐन आरतीच्या वेळी त्यांचे चित्र थिजले. ‘‘देव दिसेना रे,’’ असे त्या दूरध्वनीवर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही, मंडळाचे चिटणीस या नात्याने, सात कलमांचे परिपत्रक काढले. ते कोणीही वाचले नाही. मुलांनी मात्र आपसांत तीन नियम केले. दर घरामागे दोनच घोडे. शेकोट्या फक्त मंडपापुढे. आणि ज्या यंत्रावर हे जग चालत होते त्यावरील दृष्टीची मर्यादा कमी करावयाची, म्हणजे दूरचा प्रदेश कोणासच पाठवावा लागणार नाही. ही तिसरी सूचना एका बारा वर्षांच्या मुलीची होती. ती आदल्या वर्षी वडिलांबरोबर रामनगरास जाऊन आली होती. त्या संध्याकाळी साताऱ्यास देव दिसला.

पण एक गोष्ट त्या संध्याकाळी बिघडली. एका मुलाचे नऊ घोडे घाटावर तसेच उभे होते. ज्या मुलाच्या हाती यंत्र होते त्याने त्यास एका कळीसरशी बाहेर काढले. आम्ही वडील माणसे तेथे होतो. आरतीची वेळ झाली होती. आम्ही काही बोललो नाही. पुढे दोन महिन्यांनी त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली. निरोपास गेलो तेव्हा मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. त्याच्या वडिलांनी सहज बोलता सांगितले की, ते घोडे नियम होण्याच्या आदल्या रात्री आणलेले होते, आणि नियम झाल्याचे त्याला कोणी कळविलेच नव्हते. पूर्वलक्षी प्रभावाने नियम लावला आणि म्हणणे ऐकून घेतले नाही, असा शेरा कार्यालयात एखाद्या प्रकरणावर आम्ही कितीदा लिहिला असेल! पण स्वतःच्या मंडळात, एका लहान मुलाच्या बाबतीत, आम्ही गप्प बसलो.

म्हणून या इतिहासातून निघणारी गोष्ट आम्ही थोडी जपूनच सांगतो. चित्राची गती वाढविण्याच्या युक्त्या दिवसेंदिवस सुधारत आहेत व सुधारत राहतील. परंतु यंत्र कितीही समर्थ झाले तरी माणसांची हौस त्याच्या पुढे एक पाऊल राहते, आणि मग आपला दिवा कोणी मंद करावयाचा हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्याचे उत्तर यंत्राने द्यावे हे उत्तम. ते शक्य नसेल तेथे नियमाने द्यावे. मात्र तो नियम आधी सांगितलेला असावा, सर्वांस दिसणारा असावा, आणि दंड करण्यापूर्वी विचारणा व्हावी. आपल्या देशात 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मध्यस्थ कंपन्यांस तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि 2023 मध्ये त्यांच्यावर अपील समित्याही नेमण्यात आल्या. कागदावर ही व्यवस्था योग्यच आहे. तथापि खेळातून बाहेर काढलेले दहा वर्षांचे मूल समितीकडे अर्ज करीत नाही. ते आतल्या खोलीत जाऊन बसते.

रामनगरचीही उपमा ताणू नये. तेथील दंडक लोकांनी मतदानाने केलेले नाहीत. ते राजाश्रयाने व परंपरेने आले. स्वरूपे ब्राह्मण मुलांचीच होतात, आणि स्त्रियांच्या भूमिकाही पुरुष वा मुलेच करतात. पण एक गोष्ट तेथे घेण्यासारखी आहे. शांततेचा दंडक हत्तीवर बसून लीला पाहणाऱ्या महाराजांस लागू आहे, आणि धुळीत बसलेल्यासही. शिवाय तो पाळून घेणारे मुख्यतः शिपाई नव्हेत. तेथे रोज येणारे ‘नेमी’ असतात; हातात रामचरितमानसाची प्रत व लहानसा दिवा घेऊन ते वर्षानुवर्षे येतात. नवखा बोलू लागला की शेजारचा नेमी त्याच्या हातावर हलकेच हात ठेवतो. पहिल्या वर्षी आमच्याही हातावर असा एक म्हातारा हात पडला होता. त्याने आम्हांस उठवून दिले नाही; थोडे सरकून आपल्या दिव्याच्या उजेडात जागा दिली.